बबलूचा खोकला आणि आठ गायी

घरात दीड-दोन वर्षांचं पोर असेल तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि हे वाचा. पोराला मात्र मांडीवर घेऊन बसा. तुमची नजर कागदावर गेली रे गेली की ते काहीतरी उचलून तोंडात घालणार, हे मी शपथेवर सांगते.

आधीच एक गोष्ट कबूल करते. आमच्या नात्यागोत्यात माझ्या बोलण्याला अर्धाच भाव मिळतो. मी दहा म्हटलं की ऐकणारा पाच धरतो आणि त्यातलंही एक मनातल्या मनात वजा करतो. तेव्हा पुढे खोकला, गायी आणि माझ्या सासूबाई जरा फुगलेल्या वाटल्या तर तुम्ही तुमच्या मापाने कमी करून घ्या. बबलूचा श्वास मात्र जसा होता तसाच लिहिला आहे. त्यात भर घालायची माझी हिंमत नाही.

शुद्ध घर

आम्ही देवपुरात राहतो. धुळ्याचंच देवपूर, पांझरा नदीपलीकडचं. आमचे हे हायस्कुलात मराठी शिकवतात. बोलणं इतकं शुद्ध की दारावर ओरडणारी भाजीवालीसुद्धा आमच्या घरापुढे आली की आवाज खाली करून ‘वांगी घ्यावयाची आहेत का’ असं विचारायची. खिडकीत कावळा ओरडला तरी हे त्याचा उच्चार सुधारतील की काय, अशी मला धास्ती.

आणि मी शिंदखेड्याकडची. शेतकऱ्याची लेक, घरात चोवीस तास अहिराणी. आमच्याकडे ‘ळ’ नावाचं अक्षर जन्मालाच आलेलं नाही. केळ्याला केयं म्हणायचं, डोळ्याला डोया म्हणायचं, आणि कोणाचं काही अडत नाही. आवाजही असा की मी माहेरी चुलीपुढून हाक मारली की तिसऱ्या शेतातला गडी ‘वनू, वनू!’ म्हणजे ‘आलो, आलो!’ करत पळत यायचा.

बबलू झाला तेव्हा ह्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की मुलाच्या कानावर एकच भाषा पडावी, नाहीतर त्याचा गोंधळ होतो. झालं. घरात नियम निघाला की बाळासमोर फक्त प्रमाण मराठी. मी मानला. पोराचं भलं होणार असेल तर मी संस्कृतही बोलले असते. मी शुद्ध बोलायला लागले, म्हणजे खरं तर निम्मंच बोलायला लागले. उरलेलं निम्मं तोंडात यायचं आणि पाहुण्यासारखं दारातूनच परत जायचं.

बबलू चालला लवकर. चालला कसला, धावलाच; मधलं चालणं त्याने गाळलं. बोलायला मात्र तयार नाही. पावणेदोन वर्षांचा झाला तरी तीनच शब्द: आई, बाबा, आणि गाय दिसली की ‘हम्मा’. पलीकडच्या घरातली त्याच्याच वयाची पोरगी अख्खी प्रार्थना म्हणायची. ते ऐकून आमच्या ह्यांचा चेहरा निकाल लागल्यासारखा व्हायचा.

माहेरचा महिना

त्या वर्षी परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घरात आले. बबलूने पहिल्याच दिवशी दोन विद्यार्थ्यांचे निबंध चावून नापास केले. तेव्हा हे स्वतःच म्हणाले, “तू महिनाभर माहेरी जाऊन ये.”

काय महिना होता तो! बबलू हौदात पडला आणि कोंबडीच्या पाठीमागे लागता लागता कोंबडीच त्याच्या पाठीमागे लागली. अंगणात हरभऱ्याची डाळ वाळत घातली होती, त्या ढिगावर तो शेठजीसारखा बसायचा. एकदा बोकाणा भरलेला असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला वर उडवून झेललं आणि तो हसता हसता असा ठसकला की डोळे पांढरे. आईने पालथा धरून पाठीत धपाटे घातले, तोंडातलं पडलं, तो रडला, आणि घटकाभरात पुन्हा कोंबडीकडे. वासराचं शेपूट ओढून लाथही खाल्ली. एका लेकराच्या महिन्यात इतकं घडलं की त्यातलं लक्षात काय ठेवायचं आणि सोडायचं काय!

आणि तोंड उघडलं त्याचं! माझी आई दिवसभर त्याच्याशी बोलायची आणि तो ते सगळं गिळायचा. ‘आठे’ म्हणजे इथे, ‘तठे’ म्हणजे तिथे. सगळ्यात लाडका शब्द ‘बठ्ठा’, म्हणजे सगळं. बिस्कीट दाखवलं की “बठ्ठा!” ओट्यावर कोंबड्या आल्या की “बठ्ठा!” हा मुलगा मोठेपणी एकतर दानशूर होणार नाहीतर दरोडेखोर, असं आबा म्हणायचे.

देवपुरात परतल्यावर मी हे कौतुक सांगितलं. हे म्हणाले, “ते शब्द मोजायचे नाहीत.”

खोकला

परतलो आणि दोन-चार दिवसांत खोकला सुरू झाला. साधा नाही. बबलू आमच्या ओट्यावर खोकला की नदीपलीकडे धुळ्यातली कुत्री भुंकायची. शेवटी कुत्र्यांनी घर बदललं, पण खोकला हलला नाही.

सगळ्या गल्लीने औषधं दिली. ओव्याची पुरचुंडी, हळदीचं दूध, अडुळसा, छातीला गरम तूप. शेजारच्या शकीलाभाभी, शिलाईकाम करणाऱ्या, त्यांनी मध-आल्याचं चाटण आणून बबलूला स्वतः चाटवलं. “देखो बहेन, ये खांसी नही, ये तो इंजन है,” म्हणाल्या.

डॉक्टरांनी सर्दी म्हणून औषध दिलं. बरं वाटलं, पुन्हा आला. मग ताप. मग छातीत शिट्टी वाजायला लागली. दुसरे डॉक्टर म्हणाले, बालदमा असावा. ह्यांनी घरातल्या गाद्या, उशा, पडदे धुवायला काढले, धुळीवर युद्ध पुकारलं. धुळ्यात राहून धुळीशी भांडायचं! ती जिंकणार हे ठरलेलंच.

जळगावहून सासूबाई आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. अक्का म्हणजे इस्त्रीची घडी. हसल्या तरी घडी मोडत नाही. आल्या आल्या त्यांनी बबलूकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “माहेरी पाणी उकळून देत होतीस का?”

त्या एका वाक्यात माझं अख्खं गाव गढूळ झालं.

गाय, आठ

आता खरी गंमत, जिच्यावर मी आज हसते.

एका सकाळी बबलूला जोराची उबळ आली. हे त्याला घेऊन ओट्यावर होते. उबळ थांबल्यावर त्याने छातीवर मूठ आपटली आणि म्हणाला, “दाय. आठे.”

हे आत धावत आले. चेहरा असा की मुलगा बोर्डात आला! “ऐकलंस का? गाय म्हणाला! ‘ग’चा ‘द’ होतोय, या वयात होतो तसा. पण गाय म्हणाला! आणि वर काय म्हणाला ठाऊक आहे? आठ!”

“अहो, पण गाईला तर तो हम्मा म्हणतो,” मी म्हटलं.

“म्हणत होता. आता हम्मावरून गायीवर आला. यालाच प्रगती म्हणतात.”

आता तुम्ही मला विचाराल की बाई, तू अहिराणी बोलणारी, तुला नाही का कळलं? नाही कळलं. त्या शुद्ध घरात माझा कानही धुऊन, वाळवून, घडी घालून कपाटात गेला होता. आणि माणसाला एकदा ‘गाय’ सांगून ठेवलं की मग त्याला गायच ऐकू येते. पुढे बबलू “दाय, आठे” म्हणाला की मीसुद्धा आठ बोटं दाखवायची. तो माझ्या बोटांकडे असा बघायचा की या घरात आपल्यालाच शहाणपण आलंय आणि बाकीच्यांना अजून दात यायचेत!

अक्कांना हे कळलं आणि त्यांनी पदर सावरला. “लेकराच्या तोंडून देव बोलतो. आजारपणात पोर आठ गायी मागतंय. आठ गायींना घास घाला.”

एरवी नवस-सायास म्हटले की नाक मुरडणारे हे, त्या दिवशी टोपली घेऊन निघाले. गूळ-पोळी, लसूणघास, पुढे हे, मागे बबलूला घेऊन मी, मध्ये अक्का. देवपुरातल्या गायींनाही बहुतेक बातमी लागली होती. पहिल्या चार तर स्वतःच चालत आल्या. सात झाल्या. आठवी मिळेना! गल्ल्या पालथ्या घातल्या, नदीकाठी आलो. तिथे एक जनावर गवतात बसलेलं होतं. ह्यांनी घाईघाईने पुढे जाऊन पोळी तोंडात दिली. ती खाऊन ते उठून उभं राहिलं, तेव्हा कळलं की तो बैल आहे.

“चालेल,” अक्का म्हणाल्या, “तोही गाईचाच.”

बबलूला प्रत्येक गाईपुढे उभा करून हे विचारायचे, “ही का? ही हवी होती?” तो गाईकडे बोट करून म्हणायचा “हम्मा,” आणि मग छातीवर हात ठेवून, कंटाळून, पुन्हा सांगायचा, “दाय.”

एवढं स्पष्ट बोलणारा माणूस त्या दिवशी अख्ख्या देवपुरात दुसरा नव्हता.

लोखंडी खाट

गायी जेवल्या त्याच आठवड्यात बबलूचा ताप चढला. दुपारी मी त्याचा सदरा बदलताना पाहिलं: प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ओठांवर निळसर छटा. मी हाक मारली तर डोळे उघडले, पण कडेवर यायला हात पुढे केले नाहीत. ज्या पोराला दिवसभर खाली ठेवता येत नाही, ते हात पुढे करत नाही म्हणजे काय, हे आईला कोणी शिकवावं लागत नाही.

दवाखान्यात भरती केलं. एका बाजूच्या फुफ्फुसाला न्यूमोनिया झालाय, असं सांगितलं. मी इंजेक्शनं आणायला औषधाच्या दुकानात धावले होते, तेव्हा डॉक्टरांनी ह्यांना सगळं विचारून घेतलं. त्यात हेही विचारलं, की खाताना कधी ठसका लागला होता का, दाणा-बिणा गिळला होता का. हे म्हणाले, “छे! आमच्याकडे तो वरणभातच खातो, तोही कुस्करून.” खोटं काही बोलले नाहीत. आमच्याकडे खरंच तसंच होतं. आजोळची हकिकत त्यांना ठाऊकच नव्हती, आणि मी दुकानात रांगेत होते.

वॉर्डातले दिवस एकमेकांत मिसळून गेले. सकाळी फिनेलचा वास, मग सिस्टरची सुई, मग डॉक्टरांचा राउंड. सुईची बबलूला इतकी ओळख झाली की पांढरा कपडा घातलेला कोणीही दिसला की तो आपणहून कूस बदलून पाठ करायचा. एकदा पांढऱ्या टोपीचा कुणाचा तरी आजोबा भेटायला आला, त्यालाही बबलूने जागा करून दिली.

त्या वॉर्डातली खरी गोष्ट ही की मी गप्प झाले. मी! शकीलाभाभी पेज घेऊन आल्या आणि वाटी माझ्या हातात दिली. “बहेन, कुछ तो बोलो. तुम चूप हो तो डर लगता है,” म्हणाल्या. तोंड उघडलं की काहीतरी फुटेल असं वाटायचं. मी फक्त त्याच्या छातीकडे बघत असायची. वर, खाली. वर, खाली. ती खाली गेली की पुन्हा वर येईपर्यंत मी माझा श्वास धरायची.

आणि ह्यांच्याशी भांडण झालं. वॉर्डाच्या व्हरांड्यात, दबक्या आवाजात. दबकं भांडण मोठ्या आवाजाच्या भांडणापेक्षा वाईट असतं. हे म्हणाले, “माहेरची भाषा आणलीस, तसा खोकलाही आणलास.” थोड्या वेळाने हे चहाची किटली घेऊन परत आले, माझ्यासाठी. शर्ट उलटा घातलेला. शिवणी बाहेर, खिसा आत. शाळेत दर सोमवारी मुलांचे गणवेश तपासणारा माणूस अख्खं धुळं ओलांडून उलट्या शर्टात आला होता. मला राग धरून ठेवायचा होता, पण त्या शर्टासमोर तो टिकला नाही.

डबा

औषधांनी ताप उतरला, श्वास मात्र सुधारेना. डॉक्टर छाती तपासायचे, कपाळाला आठी घालायचे. “उजवीकडे हवा नीट का जात नाही?” असं स्वतःलाच विचारायचे.

अशात एका दुपारी गावाहून आबा आले. धोतर, टोपी, हातात डबा. वॉर्डाच्या दारातून त्यांनी नातवाला पाहिलं आणि त्यांचे पाय तिथेच थबकले. मग सावरून आत आले. आबांना शुद्ध बोलायला लावणं म्हणजे बैलाला चपला घालणं, त्यामुळे हे त्यांच्यापुढे नियमाला सुट्टी द्यायचे. अक्का कोपऱ्यात माळ ओढत होत्या.

किती दिवसांनी कोण जाणे, माझ्या तोंडातून आपोआप माझी भाषा आली. “आबा, डबामा काय शे?”

“काय ऱ्हाई?” आबा म्हणाले. “दाय-बट्टी शे. तुनी मायनी पहाटमा उठीसनी बनाडी.”

खाटेवर खुडबुड झाली. बबलू उशीवरून उठून बसला होता. डोळे डब्यावर नाहीत, आबांवर. अखेर या जगात आपली भाषा बोलणारा एक माणूस भेटला, असे डोळे! त्याने छातीवर हात ठेवला.

“दाय,” तो म्हणाला.

कपाटातला माझा कान कोणीतरी काढून जागच्या जागी बसवला. मी खाटेवर वाकले. “दाय? कोठे शे रे दाय? कोठे शे, मना राजा?”

त्याने उजव्या छातीवर मूठ आपटली. “आठे.”

मागून हे कौतुकाने म्हणाले, “पाहिलंत आबा? आठपर्यंत येतं त्याला.”

“गाय नाही हो!” मी ओरडले. बहुतेक त्या आरोळीने शिंदखेड्याचा गडी पुन्हा पळत सुटला असेल. “गाय नाही! दाय! डाळ! आणि आठ नाही, आठे! इथे! डाळ इथे आहे म्हणतोय तो! महिनाभर सांगतोय!”

अंगणातला ढीग, बोकाणा, उडवून झेललेलं पोर, पांढरे डोळे, धपाटे, सगळं एका क्षणात समोर आलं. आबांच्या हातातला डबा खाली बसला. “मी झेला व्हता त्याले,” एवढंच ते म्हणाले. मी त्यांच्या हाताला धरलं आणि डॉक्टरांच्या खोलीकडे धावले.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. पुन्हा छाती तपासली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, बराच वेळ. मग म्हणाले, “डाळ श्वासनळीत अडकली असणार. डाळ फोटोत दिसत नाही. ओलीने फुगते. हे आधी का नाही सांगितलं?”

“त्याने सांगितलं होतं, डॉक्टर,” मी म्हटलं. “आम्हीच गाईकडे पाठवलं.”

जळगावचा रस्ता

लहान मुलांच्या श्वासनळीत दुर्बीण घालून अशा वस्तू काढणारे एक डॉक्टर जळगावात होते. आजच न्या, असं सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजनचं नळकांडं, मी, बबलू आणि हे. आबा आणि अक्का मागून एस.टी.ने.

त्या रस्त्यावर मी गप्प राहिले नाही. धुळ्यापासून जळगावपर्यंत बबलूशी बोलत राहिले, माझ्या भाषेत, एकही शब्द दारातून परत न पाठवता. कोंबडीचं काय झालं, वासरू किती मोठं झालं, बठ्ठा सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत श्वास घेत होता. हे समोर बसून ऐकत होते. त्यांनी एकाही शब्दाला हरकत घेतली नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी धोके लपवले नाहीत. भूल द्यावी लागेल. डाळ काढताना सरकली तर दुसऱ्या बाजूचा श्वासही अडू शकतो. “पण ठेवणं त्याहून धोक्याचं आहे,” म्हणाले. ह्यांनी मान हलवली. सिस्टरनी बबलूला माझ्या हातातून घेतलं. हात रिकामे झाले की किती जड होतात, ते मला तेव्हा कळलं.

दार बंद झालं.

थोड्या वेळाने आबा आणि अक्का पोचले. लग्नापासून या व्याही-विहिणीमध्ये ‘नमस्कार’ आणि ‘बरं आहे’ याच्या पलीकडे काही बोलणं झालेलं नव्हतं. एस.टी.त काय बोलणं झालं कोण जाणे, पण आता रिक्षातून उतरल्या त्या अक्का नव्हत्याच. पदर ओढलेला, इस्त्री मोडलेली, माझ्याकडे धावत येऊन म्हणाल्या, “कसा शे वं मना नातू?”

हे उठून उभे राहिले. “अक्का? तुम्ही...?”

“मी काय?” अक्का त्यांच्यावर कडाडल्या. “मन्हं माहेर पारोयानं! तुना बापले शुद्ध लागे, म्हणीसन मी तोंड शिवी लिधं. पोऱ्या दाय-दाय करस आनि मी, माय वं, मी गाया चारत बसनू!”

आणि त्या माझ्या शेजारी बाकावर बसून रडायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. म्हणजे पारोळ्याच्या अक्काही तोंड शिवून बसलेल्या; या घरात माझ्या आधीही एक बाई निम्मंच बोलत होती. आम्ही दोघी एकाच कपाटात कान ठेवून बसलो होतो आणि एकमेकींना ओळखत नव्हतो.

शीशी

दार उघडलं. डॉक्टरांच्या हातात इंजेक्शनची रिकामी शीशी होती. ह्यांनी त्यांना आधीच सगळी हकिकत सांगितली होती, म्हणून ते हसत म्हणाले, “ही घ्या तुमची गाय.”

शीशीत हरभऱ्याच्या डाळीची एक पाकळी. फुगलेली, पिवळी. माझ्या सवयीप्रमाणे मी ती एखाद्या लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढी सांगायला हवी. पण ती बबलूच्या करंगळीच्या नखाएवढीच होती. जळगावात डाळीच्या गिरण्या किती, डाळीचे डोंगर किती! आणि आमचं सगळं जग त्या एका पाकळीने अडवून धरलं होतं.

डॉक्टरांनी तेव्हा बजावलेलं तुम्हालाही सांगते. लहान मुलांना कच्ची डाळ, शेंगदाणे, फुटाणे, बिया हाताशी लागू देऊ नका. दाढा येऊन नीट चावता येईपर्यंत तर नाहीच नाही. तोंडात घास असताना पोराला हसवू नका, उडवू नका, पळवू नका; आबांसारखा प्रेमळ माणूस असला तरी नाही. ठसका लागला आणि ते खोकत असेल तर खोकू द्या, घशात बोट घालून दाणा आणखी आत ढकलू नका. श्वास अडला, आवाज फुटेना, तर क्षणही न दवडता मदत मागा. आणि ठसका थांबला, पोर खेळायला लागलं, म्हणून विसरू नका. नंतर खोकला सुरू झाला तर ती हकिकत डॉक्टरांना सांगा, क्षुल्लक वाटली तरी सांगा. जे माणूस त्या वेळी पोराजवळ होतं, त्यालाच डॉक्टरांपुढे बसवा.

आणि माझ्याकडचं एक. पोराचा कुठलाही शब्द मोजायचा सोडू नका. तुम्हाला कळला नाही म्हणून तो शब्द नसतो असं नाही.

बबलू शुद्धीवर आला. घसा बसलेला, डोळे जड. पण छाती! वर, खाली, वर, खाली, शिट्टी नाही, ओढ नाही. ह्यांनी त्याच्यासमोर शीशी धरली. बबलूने ती नीट निरखली. मग एखाद्या वकिलाने जिंकलेल्या खटल्याचा पुरावा पाहावा तसा आमच्याकडे पाहिलं.

“दाय,” घोगऱ्या आवाजात म्हणाला.

हे खाटेजवळ गुडघ्यांवर बसले.

“हां रे भाऊ,” ते म्हणाले, “दाय शे.”

आयुष्यातलं पहिलं अहिराणी वाक्य, आणि तेसुद्धा शुद्धलेखनाचे सगळे नियम पाळून उच्चारलेलं! आबा टोपी डोळ्यांवर ओढून बाहेर गेले. जाताना डबा अक्कांपुढे ठेवून गेले. अक्कांनी झाकण उघडलं, आणि सकाळपासून कोणाच्याही पोटात काही गेलेलं नव्हतं, हे आम्हाला तेव्हा आठवलं.

काही दिवसांनी आम्ही बबलूला घेऊन एस.टी.ने धुळ्याला परत निघालो. पारोळ्याच्या अलीकडे गाडी थांबली. रस्त्यावरून गायींचा कळप चालला होता, लांबच लांब, धुरळा उडवत. बबलू खिडकीला लटकला. ह्यांना राहवेना. मास्तर ते मास्तरच.

“बबलू, काय आहे ते?”

“हम्मा!”

“आणि किती आहेत?”

मी श्वास धरला. बबलूने कळपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवली, दोन्ही हात पसरले आणि पुऱ्या, मोकळ्या छातीने ओरडला, “बठ्ठा!”

ह्यांनी अर्थ विचारायला माझ्याकडे पाहिलं नाही.